गंजलेली बीटल घ्यावी की सोडावी?

प्रश्न : माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या शेडमध्ये 1960च्या दशकातील फोक्सवॅगन बीटल कित्येक वर्षे बंद पडून आहे आणि ती ते विकू इच्छितात. किंमत माझ्या आवाक्यातील आहे. चारही मडगार्डांवर गंज चढला आहे, दारांच्या खालच्या कडा कुजल्या आहेत आणि मागच्या सीटखाली उजव्या बाजूला तळाच्या पत्र्याला मुठीएवढे भोक पडले आहे. इंजिन अजिबात फिरत नाही. मला हत्यारे हाताळण्याची सवय आहे, परंतु वेल्डिंग येत नाही. गंज वरवरचा आहे, थोडा पत्रा बदलला की गाडी उभी राहील, असे मालकांचे म्हणणे आहे. ही गाडी दुरुस्तीसाठी घ्यावी का आणि घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

उत्तर : आपल्या वर्णनावरून मी या गाडीला नकार देणार नाही, पण होकारही देऊ शकत नाही, कारण ज्या दोन जागांवर हा निर्णय अवलंबून आहे त्यांचा उल्लेखच पत्रात आलेला नाही. जुन्या गाडीचा गंज किती दिसतो यापेक्षा तो कुठे आहे आणि त्या जागेवर गाडीचा किती भार आहे, हे आधी पाहावे लागते. बीटलची चारही मडगार्डे बोल्टने जोडलेली असतात. ती पूर्ण सडलेली असली तरी काढून दुसरी बसवता येतात आणि गाडीच्या मजबुतीला त्याने काहीच बाधा येत नाही. दारांच्या खालच्या कडांचेही तसेच आहे. काच खाली-वर करण्यासाठी ठेवलेल्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरते, तळाची निचऱ्याची भोके मातीने बुजली की ते तिथेच साचते आणि पत्रा आतून कुजतो. हे काम कष्टाचे आहे, परंतु त्यात भीती बाळगण्यासारखे काही नाही.

सीटखालच्या भोकाचे कारणही सरळ आहे. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली उजव्या बाजूला असते आणि तिच्यातून सांडलेले आम्ल तळाच्या पत्र्यावर उतरते. तळाचा डावा-उजवा पत्रा नव्याने तयार होऊन मिळतो, त्यामुळे हे भोक एकटेच असेल तर ते गाडी नाकारण्याचे कारण ठरत नाही. 1938 ते 2003 या काळात 2 कोटी 15 लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या. इतक्या मोठ्या संख्येमुळे तिचे सुटे भाग आजही बनवले जातात आणि हा या गाडीच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा आहे. मात्र नव्याने बनवलेला पत्रा जागेवर चपखल बसेलच असे गृहीत धरू नये; तो कापून, वाकवून आणि पुन्हा पुन्हा लावून पाहूनच जुळवावा लागतो.

आता त्या दोन जागांविषयी. बीटलच्या तळाच्या मधोमध, दोन्ही पुढच्या सीटांच्या मधून, पत्र्याचा एक पोकळ कणा जातो. त्याला टनेल म्हणतात. गिअरचा दांडा, क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि पेट्रोलची नळी त्याच्याच पोटातून जाते. हा कणा पुढे जिथे संपतो, तिथे पुढचा अ‍ॅक्सल बोल्टने आवळलेला असतो आणि त्या टोकाला फ्रेम हेड म्हणतात. फ्रेम हेडच्या वरच्या अंगाला चाकांनी उडवलेला चिखल साचतो, तो ओलावा धरून ठेवतो आणि खालचा पत्रा वर्षानुवर्षे भिजत राहतो. वरून डांबरी लेप असल्यामुळे ही जागा धडधाकट दिसते. म्हणून गाडी भक्कम आधारांवर उचलून धरा, केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जाऊ नका, आणि जाड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ही सगळी जागा इंचाइंचाने ठोकून पाहा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेला पत्रा बद्द आवाज देतो आणि टोक जरा दाबले की आत जातो. आत गेलेल्या टोकाबरोबर तपकिरी भुगा आणि पापुद्रे बाहेर पडले, तर लेपाखाली पत्रा उरलेला नाही असे समजावे. मालकांची परवानगी घेतल्याशिवाय असे ठोकू नये, हे ओघाने आलेच. परंतु परवानगी देण्यास कोणी टाळाटाळ केली तर तेही मी उत्तरच समजेन.

दुसरी जागा दोन्ही दारांच्या खाली आहे. तिथे पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पेट्या असतात. इंजिनाच्या उष्णतेने तापलेली हवा त्यांच्यातून पुढे येते, म्हणून त्यांना हीटर चॅनल म्हणतात. त्यांचे खरे काम मात्र बॉडीला ताठ ठेवण्याचे आहे. बॉडी तळावर बोल्टने आवळलेली असते आणि ते बोल्ट याच पेट्यांमध्ये बसतात. पेट्या कुजल्या की बॉडी मध्यभागी खचू लागते. हे ओळखण्यासाठी दार बंद करून दार आणि मागचा खांब यांच्यामधील फट वरपासून खालपर्यंत नजरेने मोजा. ती सर्वत्र सारखी असायला हवी. वर अरुंद आणि खाली रुंद असेल किंवा दार लावताना उचलून धरावे लागत असेल, तर बिजागरी झिजली आहे की बॉडी खचली आहे हे शोधावे लागेल. त्यासाठी दार उघडे ठेवून खालून हाताने वर उचला. बिजागरीत खेळ असेल तर तो लगेच जाणवतो. बिजागरी घट्ट असूनही फट बिघडलेली असेल, तर दोष पेट्यांमध्ये आहे.

या पेट्यांवर पूर्वी कोणी ठिगळे मारून पुट्टी भरली आहे का, हेही पाहावे. मऊ फडक्यात गुंडाळलेले साधे लोहचुंबक पत्र्यावरून फिरवत न्या. जिथे ते सैल पडते, तिथे जाड पुट्टी आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेला गंज पाचरीसारखा फुगून त्यांना एकमेकांपासून दूर सारतो. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवून केलेले काम म्हणूनच काही वर्षांत फुगते. अशा कामाच्या खालचा पत्रा नाही असेच धरून खर्चाचा अंदाज बांधावा.

माझे मत असे आहे : फ्रेम हेड आणि टनेल निरोगी असतील, तर हीटर चॅनल कुजलेले असूनही ही गाडी घेण्यास हरकत नाही. चॅनल नवे मिळतात आणि बॉडी तळापासून वेगळी करता येत असल्यामुळे कामाला जागाही मिळते. त्याच काळातील अनेक गाड्यांना, उदाहरणार्थ 1962 मध्ये आलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, वेगळा तळ नव्हता. तिथे बॉडी हाच सांगाडा असल्यामुळे कुजलेल्या भागाला वगळून काम करण्याची सोय राहत नाही. परंतु आपल्या गाडीचे फ्रेम हेडही गेलेले असेल आणि चॅनलही, तर ती सोडून द्यावी आणि तेवढ्याच कष्टात उभी राहील अशी, थोडी महाग पण कमी कुजलेली बीटल शोधावी. कमी किमतीला भुलून घेतलेल्या गाडीत वाचलेले पैसे पत्र्याच्या कामात केव्हाच निघून जातात. ही गोष्ट मी इतक्या ठामपणे सांगतो आहे, कारण अर्धवट उकलून शेडमध्ये पडलेली गाडी पुन्हा उभी राहणे फार कठीण असते आणि तिचे भाग हळूहळू विखुरले जातात.

इंजिन फिरत नाही, याची मला फारशी काळजी वाटत नाही. बीटलचे इंजिन हवेने थंड होते, त्याला रेडिएटर नाही आणि चार मुख्य बोल्ट सोडले की ते मागून खाली उतरवता येते. दीर्घकाळ बंद राहिल्याने पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरल्या असतील. स्पार्क प्लग काढून आत गंज सोडवणारे पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकावरील पुलीच्या नटाला पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे डोलवा. स्टार्टरने किंवा गाडी ढकलून ते फिरवण्याचा प्रयत्न करू नका, रिंगा तुटतील. सुटल्यावर ती पुली हाताने स्वतःकडे ओढून पुन्हा आत दाबून पाहा. ठोकल्यासारखा स्पष्ट आवाज येत असेल आणि हालचाल डोळ्याला दिसत असेल, तर क्रँकशाफ्टच्या मागे-पुढे होण्याची मर्यादा ओलांडली गेली आहे आणि इंजिन पूर्ण उघडावे लागेल. ही बाब किंमत ठरवताना उपयोगी पडेल.

वेल्डिंग येत नसेल तर भंगारातील सुमारे 0.8 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर हात बसवावा. बॉडीचा पत्रा साधारण तितकाच पातळ असतो आणि नवशिक्याच्या हातून त्याला भोक पडते. मडगार्डे, दारांच्या कडा, बॅटरीखालचा पत्रा ही कामे सरावानंतर आपण करू शकाल. हीटर चॅनल आणि फ्रेम हेड मात्र अनुभवी कारागिराकडे सोपवावे. जो कोणी चॅनल कापेल, त्याने दोन्ही दारांच्या उघड्या चौकटींत आडव्या-तिरप्या पाइपांचा आधार आधी जोडावा आणि मगच कापावे. तसे न केल्यास बॉडी कापता कापता आकार सोडते आणि पुढे दारे बसत नाहीत. आणखी एक इशारा : पेट्रोलची टाकी पुढे आहे आणि नळी टनेलमधून मागे जाते. वेल्डिंगपूर्वी टाकी गाडीबाहेर काढावी आणि नळीतील पेट्रोल पूर्ण निघाल्याची खात्री करावी. रिकामी टाकी निर्धोक असते, हा समज घातक आहे; तिच्यात उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा सहज पेट घेते.

पैसे देण्यापूर्वी चासी क्रमांक कागदपत्रांशी जुळतो का ते पाहावे. बीटलमध्ये तो मागच्या सीटखाली टनेलवर कोरलेला असतो. जवळच आम्लाने खाल्लेली जागा असल्यामुळे तो अस्पष्ट झाला असेल, तर पुसून, उजेड तिरपा टाकून वाचावा. क्रमांक जुळत नसेल तर गंजाचा विचारही करू नये. त्यानंतर सगळे सुटे तुकडे जागेवर आहेत का, ते तपासावे : दिव्यांच्या कड्या, काचांच्या रबरी पट्ट्या, बंपर, स्पीडोमीटर. बीटलमध्ये दरवर्षी लहानसहान बदल होत गेले, विजेची यंत्रणाही सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर आली, म्हणून आपल्या गाडीच्या नेमक्या वर्षाचा तुकडा शोधणे हे पत्रा बदलण्यापेक्षाही चिकाटीचे काम ठरू शकते.

प्रश्न : माझ्याकडे असलेल्या जुन्या गाडीचा मूळ रंग अनेक ठिकाणी उडाला आहे आणि तिथे तांबूस गंज आला आहे, परंतु कुठेही भोक नाही. सगळा रंग खरवडून नवा द्यावा, असे सगळे सांगतात. आपले मत काय?

उत्तर : खरवडू नका, निदान घाई करू नका. मूळ रंग एकदा गेला की तो परत आणता येत नाही आणि गाडी कशी तयार झाली होती याचा तोच पुरावा असतो. जुन्या वाहनांच्या फिवा या जागतिक महासंघाने 2012-13 मध्ये मान्य केलेली तुरिन सनददेखील पुनर्बांधणीपेक्षा आधी जतनाचा विचार करावा, असेच सुचवते. पृष्ठभागावरील तांबूस थर बारीक पोलादी लोकर आणि हलके तेल यांनी निघतो का, हे एका आडबाजूच्या जागी करून पाहा. खाली पत्रा गुळगुळीत असेल तर गंज थांबवून त्यावर पारदर्शक मेण पुरेल. पत्र्यावर खड्डे दिसले तर मात्र तेवढी जागा स्वच्छ करून जवळच्या रंगात झाकावी. दारे, दारांखालच्या पेट्या (सिल), डिकीच्या कडा अशा पोकळ जागांत आतून मेणाचा फवारा मारावा, कारण गंज बहुधा तिथूनच बाहेर येतो. तसे करताना तळाची निचऱ्याची भोके मेणाने बुजली तर पाणी अडून नुकसानच होईल, म्हणून फवाऱ्यानंतर प्रत्येक भोकातून तार घालून ते मोकळे करावे.