वाचक विचारतात : इंग्रजी शब्द एक, फ्रेंच शब्द कोणता?

प्रश्न : आमच्या कापूस उत्पादक गटाचं इंग्रजी माहितीपत्रक फ्रेंचमध्ये करायचं आहे. मोबाइलवर एकेक शब्द टाकला. 'प्लँट'ला 'प्लांत' आलं आणि 'स्टेपल'ला 'आग्राफ'. हे चालेल का?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : नाही चालणार. 'प्लांत' म्हणजे रोप किंवा झाड. पऱ्हाटीसाठी ठीक, पण 'जिनिंग प्लँट' हा कारखाना, त्याला 'यूझीन देग्रनाझ' म्हणतात. 'आग्राफ' ही कागदाला मारायची पिन. कापसाच्या स्टेपलला, म्हणजे तंतूला, 'फिब्र' म्हणा. लांब धाग्याच्या कापसाला व्यापारात 'लाँग स्वा' म्हणतात. सुटा शब्द टाकला की अ‍ॅप त्याचा सर्वांत रुळलेला अर्थ उचलतं, त्याला वावर आणि ऑफिस यातला फरक कळत नाही. म्हणून नेहमी पूर्ण वाक्य टाका.

त्याआधी तेच वाक्य मराठीत बोलून पाहा. 'लाइट'चं आपण हलकी जमीन, फिका रंग आणि उजेड असं वेगवेगळं करतो. फ्रेंचमध्येही 'लेझे', 'क्लेर' आणि 'ल्युमिएर' असे तीन शब्द आहेत. 'क्रॉप' वावरात उभं असेल तर 'क्युल्त्यूर', काढून घरी आणलं की 'रेकोल्त'. 'फील्ड' म्हणजे वावर असेल तर 'शाँ', खेळाचं मैदान असेल तर 'तेरँ', कामाचं क्षेत्र असेल तर 'दोमेन'.

सरकीपाशी मात्र मराठीचा आधार सुटतो. आपण पेरतो तीही सरकी, तेलासाठी गाळतो तीही सरकी. फ्रेंचमध्ये पेरणीच्या बियाण्याला 'समाँस' म्हणतात, तेल काढायच्या सरकीला 'ग्रेन'. पत्रकात दोन्ही येणार, तेव्हा प्रत्येक ठिकाणी थांबून बघा.

सर्वांत जपायचा शब्द 'ऑर्गॅनिक'. सेंद्रिय पद्धतीनं पिकवलेला कापूस 'बिओलोझिक', थोडक्यात 'बिओ'. सेंद्रिय खत मात्र 'ऑर्गानिक'. युरोपीय संघात शेतमालावर 'बिओ' लिहायला प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर हा शब्द पत्रकात घालूच नका.

शब्द ठरला की उलट तपासणी करा. फ्रेंच शब्द फ्रेंच-इंग्रजी कोशात पाहा, नोंदीतली शेती किंवा यंत्र अशी विषयखूण वाचा, लिंग टिपून घ्या. तरी शंका राहिली तर तो शब्द इंटरनेटवर टाकून चित्रं पाहा. 'आग्राफ'ची पिन तिथं लगेच उघडी पडली असती.

प्रश्न : 'टाइम'ला 'ताँ', 'अर' की 'फ्वा'?
– फ्रेंच शिकणारी एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : तुमचं मराठी इथं कामी येतं. सवड असेल तर 'ताँ', घड्याळात किती वाजले ते 'अर', आणि 'वेळा' म्हणून मोजता आलं की 'फ्वा'. कापूस तीन वेळा वेचला, तर 'त्र्वा फ्वा'. 'ताँ'चा दुसरा अर्थ हवामान, म्हणून 'केल ताँ फेतील?' या प्रश्नाला पाऊस किंवा ऊन सांगायचं, किती वाजले ते नाही. लिहिताना 'ताँ' आणि 'फ्वा' दोन्हींच्या शेवटी एकवचनातही 'एस' येतो. तो उच्चारत नाहीत, पण गाळला की शुद्धलेखनाची चूक धरतात.