कोकणात समुद्राजवळच्या घराला पत्रे घालायचेत. वादळात उडू नयेत म्हणून ठेकेदाराकडून काय पाहून घ्यावं?

वारा पत्रा खालून उचकटतो, आणि सुरुवात कडेपासून, कोपऱ्यापासून होते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर आमच्या पडवीवर चढून पाहिलं. स्क्रू लोखंडी पाइपात जागच्या जागी होते, पत्रा मात्र वॉशरभोवती गंजून फाटून गेला होता. म्हणून ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: कडेला स्क्रू किती जवळजवळ मारणार? वॉशर रुंद आणि रबर लावलेले हवेत. खाऱ्या हवेत साधा स्क्रू टिकत नाही. दरपत्रकात पत्र्याची जाडी लिहून घ्या, इथेच फसवणूक होते. काम मार्च-एप्रिलमध्ये उरका, मेअखेरीस माणसं मिळत नाहीत. आणि शेवटचा हप्ता पहिला जोरदार पाऊस झाल्यावर देणार, हे आधीच बोलून ठेवा.