पाइपसाठी पहिली तंबाखू कोणती घ्यावी? व्हॅनिला-चेरीची बरी की साधी? निपाणीची विडीची तंबाखू भरली तर चालते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही चालत. माझं आजोळ निपाणीजवळचं, मामांची तंबाखूची शेती, आणि १९९९ च्या दिवाळीत हा प्रयोग मी मामांच्या सोप्यात बसून स्वतःवर केलेला आहे.

त्याआधी सहा महिने कंपनीने मला स्टुटगार्टला पाठवलं होतं. तिथून येताना ब्रायर लाकडाचा एक पाइप आणि व्हॅनिलाचे दोन पाऊच आणले. दुकानदार म्हणाला, नवशिक्यांना आम्ही हीच देतो. पाऊच उघडला की खोलीभर बेकरीचा वास. ओढायला घेतली की तोंडात नुसती गरम वाफ आणि जिभेचा शेंडा उकळत्या चहाने पोळल्यासारखा. दुसऱ्या दिवशी वरणभातसुद्धा झोंबायचा. मला वाटायचं, सवय नाही म्हणून होत असेल.

दिवाळीला आजोळी गेलो तेव्हा दुसरा पाऊचही संपला. मामांनी ते बघितलं आणि म्हणाले, "मग रडतोस कशाला? घरात पोत्यानं पडलीया." मी म्हटलं, मामा, ही वेगळी असते. झालं. निपाणीच्या शेतकऱ्याला त्याच्याच घरात बसून तंबाखू वेगळी असते म्हणून सांगायचं! १९८१ मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनात पुणे-बंगळूर रस्त्यावर बसलेला माणूस तो. "तंबाकू ती तंबाकू. तुझ्या इलायती पाल्याला काय शिंगं हायत व्हय?"

मग मीही इरेला पेटलो. पाइप काठोकाठ भरला, ठासून. तिसऱ्या-चौथ्या झुरक्याला कानामागे घाम आला, तोंडाला पाणी सुटलं, बोटं गार पडली. पुढचं आठवतं ते म्हणजे मागच्या दारी हौदाला धरून मी वाकलोय आणि सकाळच्या फराळातल्या करंज्या, चिवडा, सगळं बाहेर येतंय. मामी गूळ-पाणी घेऊन आली. मामा सोप्यातून हलले नाहीत, हसत होते. गेली पंचवीस वर्षं आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात ते एकच वाक्य सांगतात: "भाचा जर्मनीला जाऊन आला आणि निपाणीत आडवा झाला."

आता कारण ऐका. विडीच्या तंबाखूचं झाड फुलावर आलं की शेंडा खुडतात, फुटवे काढत राहतात. सगळा जोर उरलेल्या पानांत उतरतो. मग पान उन्हात वाळवतात. त्यात साखर नावाला आणि निकोटीन भरपूर. विडीत ती चिमूटभर असते म्हणून माणूस उभा राहतो. पाइपच्या वाटीत तीच चार-पाच विड्यांइतकी बसते. वर पाइपचा धूर छातीत ओढत नसले तरी निकोटीन तोंडातल्या कातडीतूनच भिनतं. पाइपच्या तंबाखूंतली व्हर्जिनिया मात्र बंद कोठारात गरम हवेवर पाच-सात दिवसांत वाळवतात, म्हणून तिची साखर टिकते. बर्ली ही दुसरी जात सावलीत महिना-दीड महिना टांगून ठेवतात, तिची साखर जाते. पान, वाळवण, कातरण, सगळंच निराळं. तंबाखू ती तंबाखू हे म्हणणं तांदूळ तो तांदूळ म्हणत इडलीला बासमती भिजवण्यासारखं आहे. आणि एक सांगायचं राहिलं: मामांनी जन्मात कधी विडी ओढलेली नाही. पिकवणं वेगळं, ओढणं वेगळं.

पण एक गोष्ट त्यांच्याकडूनच शिकलो, नाइलाजाने कबूल करतो. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्या रिकाम्या पाऊचच्या तळाशी उरलेला चुरा बोटांत धरला, दाबला, सोडला. तो गोळा होऊन तसाच राहिला. "ही वली हाय. वली कशी जळंल? शिजंल." माझ्या पोळलेल्या जिभेचं कारण तेच होतं. गोड वासाच्या तंबाखूंवर द्रावणं मारलेली असतात, त्या ओल्याच राहतात, ओढताना वाफ होते. विझू नये म्हणून माणूस भराभर ओढतो आणि आणखी पोळतो. चिमूट दाबून सोडल्यावर हळूहळू उलगडली पाहिजे. नाही उलगडली तर ताटात पसरा, तासाभराने पुन्हा बघा.

तेव्हा माझं मत: चेरी-व्हॅनिला घेऊ नका. तो वास शेजारच्याला येतो, तुमच्या जिभेवर येत नाही. साधी, मुख्यतः बर्लीची घ्या. अमेरिकेतली प्रिन्स अल्बर्ट किंवा कार्टर हॉल, कुणी येणारं-जाणारं असेल तर मागवा. सहज पेटते, जीभ पोळत नाही, चुका पोटात घालते. नंतर 'अर्ली मॉर्निंग पाइप' नावाची तंबाखू. पूर्वी डनहिलच्या नावाने यायची, आता पीटरसनच्या. तिच्यात थोडी लटाकिया असते, म्हणजे लाकडाच्या धुरावर धुरावलेली, घरचे म्हणतील चूल पेटवली का. नुसत्या व्हर्जिनियाच्या दाबून केलेल्या वड्या सहा महिन्यांनी. साखर जास्त, घाई केली की चटका. पाइपही महागाचा नको, मक्याच्या बुरकुंड्याचा पुरे. मिसूरीतल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून बनतात, आणि वास मुरला तर टाकून देताना जीव हळहळत नाही. भरताना तळाला सैल, वर जरा दाबून. विझली तर विझू द्या, पुन्हा पेटवा. उरलेली काचेच्या बरणीत ठेवा, फक्त ती लोणच्याची नको. माझी एक अख्खी पुडी मोहरीच्या वासाने गेली.

हे सगळं तुम्ही आधीच ओढता असं धरून लिहिलंय. ओढत नसाल तर सुरू करू नका. धूर छातीत घेत नाही म्हणून पाइप निरुपद्रवी, हे खोटं आहे. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर यानेही होतो. सिगारेटवरून पाइपवर येत असाल तर धूर आत ओढायची सवय सुटत नाही, ते आणखी वाईट. मी स्वतः आता रविवारची एक वाटी ओढतो आणि वर्षातून एकदा दातांच्या डॉक्टरकडून तोंड तपासून घेतो. डॉक्टर दर वेळी तेवढीही सोडा म्हणतात.

मामा ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचं म्हणणं अजून तेच: तंबाखूत दोष नव्हता, मी ठासून भरली होती. ठासून भरली होती हे खरंच आहे. पण सैल भरली असती तर हौदापर्यंत पोचायला फार तर दहा मिनिटं जास्त लागली असती.