बेळगावात 30 बाय 40 च्या प्लॉटवर घर बांधायचंय, चौरस फुटाला काय रेट धरावा?

चौरस फुटाचा रेट हा कॉन्ट्रॅक्टरच्या सोयीचा आकडा आहे, तुमच्या नव्हे. तुम्ही लिहिलंय की येळ्ळूर रोडला प्लॉट आहे, तळमजला बांधायचाय, जवळ 15 लाख आहेत आणि 20 लाख कर्ज काढणार. आणि विचारलंय एवढंच, की रेट काय धरावा. आमच्या दाजींनीही 2017 साली हेच विचारलं होतं. रेट कळला, फुटांनी गुणला, बजेट झालं म्हणून मोकळे झाले. म्हणून जरा लांब लिहितोय.

दाजींचा आणि माझा प्लॉट एकाच ले-आउटमध्ये, मध्ये फक्त एक गल्ली. पूर्वी तिथं शेत होतं, भात निघाल्यावर मसूर-वाटाणा व्हायचा. ले-आउटवाल्यानं वर तांबडा मुरूम पसरून सपाट केलं, त्यामुळं बघायला येणाऱ्याला जमीन तांबडीच वाटायची. मी मे महिन्यात दोन कोपऱ्यांत खड्डे मारून घेतले. वरचं अर्धा फूट तांबडं, खाली काळीभोर माती. खड्ड्याच्या भिंतीत अशी भेग होती की मेस्त्रीनं तिच्यात आठ एमएमची सळी सोडली तर हातभर आत गेली. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचं घर दरवर्षी उचलते आणि सोडते. मुरूम लागला सात फुटांच्या खाली. इंजिनियरनं सांगितलं, फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, मुरमावरच बसवा, जोत्यात काळी माती परत टाकू नका, बाहेरचा मुरूम आणून थराथरानं पाणी मारून धुम्मसानं ठोकून बसवा, आणि प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीची काँक्रीटची तुळई, सगळीकडून फिरवा.

खर्च वाढला. दाजी एकदा संध्याकाळी खड्ड्याच्या काठावर हात मागं बांधून उभे राहिले आणि सगळ्या गवंड्यांसमोर म्हणाले, "काय पाव्हणं, घर वर बांधायलाय का खाली?"

तो वाढलेला खर्च मी दर्शनी बाजूतून काढला. एलिव्हेशन रद्द, ग्रॅनाइटच्या जागी साधी फरशी, आतल्या कपाटांना दारं दोन वर्षांनी. दाजींनी बरोबर उलटं केलं. त्यांच्या रेटमध्ये पाच फूटच खोदाई धरलेली, त्याच्या खाली गेलं की एक्स्ट्रा. ते एक्स्ट्रा वाचवून त्यांनी पुढं दगडी क्लॅडिंग आणि दोन गोल खांब लावले. घर दिसायला देखणं झालं, हे मान्य. माझ्या वास्तुशांतीच्या पंगतीत त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या मेव्हण्यानं निम्मे पैसे पुरून ठेवलेत, नड आली की उकरून काढेल." सगळे हसले. मी जिलेबी वाढत होतो, काय बोलणार.

2019 च्या ऑगस्टात इकडं जो पाऊस झाला तो बेळगावकरांना सांगायला नको. पुढच्या उन्हाळ्यात दाजींच्या स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकायला लागलं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेली. दोनदा भरून रंग मारला, दोनदा परत उघडली. दाजी आजही म्हणतात, प्लास्टरला क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, कमी पडलं. क्युरिंग कमी पडलं तर बारीक जाळीसारख्या भेगा पडतात हो, करंगळी जाईल अशी तिरकी भेग पडत नाही.

बरं, रेटकडं येतो. दाजींच्या रेटमध्ये संप, म्हणजे पाण्याची जमिनीतली टाकी, नव्हती, सेप्टिक टँक नव्हती, कंपाउंड, गेट, बोअर, जिन्यावरची खोली, हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) मीटर, काहीच नव्हतं. पोर्चचा स्लॅब मात्र फुटात पुरा मोजलेला. ठरलेल्या रकमेवर जवळजवळ चौथाई गेली. शिवाय विथ मटेरियल काम, म्हणजे माल आणि मजुरी दोन्ही कॉन्ट्रॅक्टरची, आणि कॉन्ट्रॅक्टर जीएसटीवाला, म्हणजे त्यावर 18 टक्के. मी मटेरियल स्वतः आणलं आणि मेस्त्रीला नुसतं लेबर दिलं. स्वतंत्र एका घराच्या निव्वळ मजुरीच्या कामावर जीएसटी लागत नाही. दाजींना हे बिल हातात पडल्यावर कळलं.

तेव्हा रेटऐवजी माल मोजा. हजार फुटांच्या स्लॅबच्या घराला सिमेंट साधारण 400 पोती, सळी साडेतीन ते चार टन. पाया खोल गेला तर आणखी. त्याला त्या आठवड्याचा भाव लावा. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 टक्के झालाय, त्याआधीचं कोटेशन कुणी पुढं केलं तर नवं मागा. विटा खानापूरच्या घेणार असाल तर पावसाआधी उतरवून घ्या, भट्ट्या थंडावल्या की भाव चढतो. आणि सळी वजन करूनच घ्या. 12 एमएमची 12 मीटर लांब सळी 10.66 किलो भरायला पाहिजे, पाच टक्के इकडंतिकडं चालतं. माझ्या पहिल्या गाडीतली सळी नऊ किलोसुद्धा भरेना. गाडी तशीच परत पाठवली. दुकानदार चार महिने माझ्याशी बोलत नव्हता.

कर्जाचं म्हणाल तर बँक 20 लाख एकदम हातात देत नाही. काम जसं वर येईल तसे हप्ते सोडते, म्हणजे जोत्यापर्यंत बहुतेक तुमचेच पैसे लागणार. म्हणून 15 लाखांतले दर्शनी भागाला हात लावण्याआधी जमिनीखालचं सगळं भागवा. प्लॉट ग्रामपंचायतीत असेल तर ई-स्वत्तुचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचे, 9 आणि 11 नंबरचे नमुने बघा. 11ब, म्हणजे रीतसर मंजुरीत न बसणाऱ्या मिळकतीचा नमुना, निघाला तर बऱ्याच बँका तोंड फिरवतात, मग तुमचे 35 चे 15 च राहतील. 35 धरून प्लॅन काढूच नका, 30 चा काढा. उरलेले पाच कुठं जातात ते विचारावं लागत नाही.

आता दाजींच्या बाजूनंही दोन शब्द. माझी शाळेची नोकरी, दुपारनंतर मी रोज साइटवर असायचो. त्यांची उद्यमबागेत कारखान्यात शिफ्ट ड्युटी, लेबरवर काम देऊन त्यांना जमलंच नसतं. तुमच्याही घरात रोज उभं राहणारं कुणी नसेल तर विथ मटेरियलच द्या, फक्त करारात खोदाई किती फूट, त्याखाली गेल्यास फुटाला किती, सळी कुठल्या कंपनीची, आणि काय काय धरलेलं नाही, हे लिहून घ्या. आणि मी इंजिनियर नाही. हिंडलग्याकडं किंवा खानापूरच्या जांभ्यावर घर असतं तर यातलं पायाचं निम्मं पुराण गैरलागू झालं असतं, तीन-चार फुटांवर कडक लागतं तिथं सात फूट खणायला कुणी सांगितलं तर त्यालाच खड्ड्यात उतरवा.

पण तुमचा प्लॉट येळ्ळूर रोडला, म्हणजे काळ्या मातीच्या बाजूला आहे. कुदळ-फावडं घेऊन दोन माणसं एका दिवसात खड्डा मारून देतील. तो आधी मारा, मेस्त्रीला रेट नंतर विचारा. आणि काम डिसेंबरला धरा, त्याआधी सुगीत गवंडी भात कापायला गावी गेलेले असतात, फोन उचलत नाहीत.