पुण्याच्या चांदणी चौकात एवढे पूल-रॅम्प झाले तरी हायवेला लागताना गाड्या का तुंबतात, काय केलं तर सुधारेल?

सहा वर्षं रोज बावधन-हिंजवडी करतोय, जुना पूल असल्यापासून, त्यामुळे बोलायचा थोडाफार हक्क आहे. इंजिनिअर आहे पण सॉफ्टवेअरवाला, तेवढं सांभाळून घ्या.

आधी एक मान्य करू, पूर्वीपेक्षा खूप बरं आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याला जाताना स्वतः इथं अडकले, मग चक्रं फिरली आणि २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री सहाशे किलो स्फोटकं लावून जुना पूल पाडला (तरी तो पठ्ठ्या एका दणक्यात पडलाच नाही, उरलेला पोकलेनने फोडला, आम्ही जागून टीव्हीवर बघत होतो). ऑगस्ट २०२३ ला नवीन सगळं खुलं झालं. हायवे आडवा ओलांडणाऱ्यांची कटकट त्याने मिटली. रॅम्पवरून हायवेच्या गर्दीत मिसळणाऱ्यांची राहिली.

आता मिसळताना नक्की होतं काय, तर हायवेवरची गाडी ८० ला असते म्हणजे सेकंदाला बावीस मीटर, आणि आपण रॅम्पवरून वळण घेत तीसने येतो म्हणजे सेकंदाला आठ. मागचा चाळीस मीटरवर असेल तर तीन सेकंदांच्या आत तो आपल्या डिकीत. म्हणून तो ब्रेक मारतो, त्याच्या मागचा जरा जास्त मारतो, त्याच्या मागचा अजून जास्त, आणि ही ब्रेकची लाट उलटी मागे वारज्याकडे सरकत जाते. तिकडे अडकलेल्याला वाटतं पुढे अॅक्सिडेंट झालाय, पुढे येऊन बघतो तर काहीच नाही. त्यात चढ चढून आलेले लोडेड ट्रक आधीच डाव्या लेनमध्ये रांगत असतात.

म्हणजे खरी गरज आहे ती मिसळायच्या आधी स्पीड पकडायला मोकळ्या जागेची. साध्या कारला आरामात तीसवरून ऐंशीला जायला दीडशेक मीटर लागतात. आणि नेमक्या त्याच दीडशे मीटरमध्ये आपल्याकडे काय असतं? संध्याकाळी मुंबईची खासगी बस तिरकी उभी, क्लीनर दारात लोंबकळत पत्र्यावर थापा मारत ‘ठाणे-बोरिवली, ठाणे-बोरिवली’, एक काका चाकांची बॅग आणि वर तांदळाचं पोतं घेऊन पळतायत, आणि बसच्या मागे दोन रिक्षा, कारण उतरणारेपण तिथंच उतरतात. मग रॅम्पवरनं येणारा बसला वळसा घालून झिरो स्पीडने थेट चालत्या लेनमध्ये घुसतो. तो तरी काय करणार.

त्यामुळे मला विचाराल तर सगळ्यात आधी रॅम्पचं तोंड मोकळं करा. नुसता दंड करून नाही होणार, पोलीस गेले की बस परत येते. दोन-तीनशे मीटर पुढे, हायवेपासून कठडा घालून वेगळा केलेला बस-बे, म्हणजे बस बाजूला थांबायची जागा द्या, तिथपर्यंत चालत जायला नीट वाट द्या, लोक जिथं उभे तिथं बस थांबणारच ना. दुसरं म्हणजे रॅम्पच्या लेनला हायवेच्या लेनपासून सुरुवातीला उभे खांब लावून वेगळं करा, म्हणजे पहिल्याच फटीतून कोणी घुसणार नाही, शेवटपर्यंत जाऊन स्पीड पकडून मिसळेल. बोर्डपण बरेच आधी हवेत, शेवटच्या क्षणी ‘अरे मुळशी इकडे’ म्हणून कचकन ब्रेक मारणारा एकटा माणूस सगळ्यांची वाट लावतो.

कोणीतरी रॅम्पवर सिग्नल लावा म्हणेल, एकेक गाडी सोडणारा. बाहेर चालतं ते. अमेरिकेत मिनियापोलिसला २००० साली असले सगळे चारशेवर सिग्नल काही आठवडे मुद्दाम बंद ठेवून बघितले, तर हायवेवरून जाणाऱ्या गाड्या ९ टक्क्यांनी घटल्या आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. पण आपल्याकडे हिरवा व्हायच्या आत वीस टू-व्हीलर पुढे सरकतील आणि रांग थेट कोथरूडपर्यंत जाईल, म्हणून मी तरी इथं नको म्हणेन.

आणि ट्रॅफिक पूर्ण तुंबलेलंच असेल तर बॅगेच्या चेनसारखं, एक दात इकडचा एक तिकडचा. मी हायवेवर असलो की रॅम्पवरच्या एकाला सोडतो, फक्त एकाला. मागचा हॉर्न मारतो, मारू दे. दुसऱ्याला सोडलं तर मात्र त्याच्या मागनं अख्खी वरात येते, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.