भाऊ आत्महत्येने गेला. गावात याबद्दल काम करायचंय, पण घरचे नको म्हणतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की भावाला जाऊन पाच महिने झाले, शाळेत आणि मंडळात जाऊन बोलावंसं वाटतं, आणि घरात एकच सूर आहे: "झालं ते झालं, आता गावभर कशाला?" मी तासगाव तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराच्या घरातली. माझा धाकटा भाऊ 2016 साली गेला.

स्पष्ट सांगते, इतक्यात माईक हातात घेऊ नका. ज्या घरात असं घडतं तिथे मागे राहिलेल्यांनाही धोका वाढतो, आणि त्यात तुम्हीही आलात. आधी स्वतःसाठी 14416 लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. सांगली-मिरजेला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडीही आहे.

घरच्यांचं म्हणाल, तर भाऊ त्यांचाही होता. बहिणीची सोयरीक अडेल ही आईची भीती मला खोटी वाटत नाही, आपल्याकडे भावकी काय काय बोलते ते तुम्हाला ठाऊक असेलच. त्याचं नाव, त्याचा फोटो घरच्यांच्या होकाराशिवाय वापरू नका. त्याची गोष्ट न सांगताही हे काम करता येतं. आमचे अण्णा अजून माझ्या एकाही कार्यक्रमाला आलेले नाहीत, आणि मी त्यांना आग्रह करत नाही.

आता काम. भाषणांवर माझा फार विश्वास उरलेला नाही. दहा सप्टेंबरला, म्हणजे आत्महत्या प्रतिबंध दिनाला, हार-तुरे होतात, फोटो निघतात, आणि ज्याला गरज आहे तो मागच्या रांगेतून उठून जातो. त्यापेक्षा कृषी सेवा केंद्रवाला, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष, तालमीतला वस्ताद यांना गाठा. उधारी कोणाची थकली, कोण हल्ली बोलेनासा झालाय, कोण घराबाहेर पडत नाही, हे त्यांना आपल्याआधी कळतं. त्यांना एवढंच शिकवा: माणसाला बाजूला घेऊन सरळ विचारायचं, "जीव नकोसा झालाय का? मरणाचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, ओपीडीपर्यंत सोबत जायचं. केसपेपरच्या रांगेत त्याच्याबरोबर उभा राहणारा माणूस मला दहा व्याख्यात्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट, फवारणीची औषधं. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. कारण साधं आहे. तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो, आणि त्या वेळी हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो. बंदी आपल्या हातात नाही, पण औषधं राहत्या घरात न ठेवणं, कुलपात ठेवणं, किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असणं, हे वस्तीवर करता येतं. अण्णांनी आमच्याकडे हे न सांगता केलं.

बोलायची वेळ आलीच तर भाऊ कसा गेला ते सांगू नका, मीही सांगत नाही. ऐकणाऱ्यांत आधीच काठावर आलेला कोणी असू शकतो. "कर्जापायी गेला", "पोरीपायी गेला" असं एक कारण चिकटवू नका, तसं एकच कारण जवळपास कधीच नसतं. आकडेही जपून वापरा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात 1,70,924 आत्महत्या आहेत, त्यातल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. ग्रामसभेत निधी मागायला हा आकडा कामाला येतो, आठवीच्या वर्गात नाही.

"केस होईल" म्हणून लोक वाचलेल्या माणसालाही सरकारी दवाखान्यात न्यायला कचरतात. त्यांना सांगा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच अशा माणसाला तीव्र तणावाखालचा मानून शिक्षेतून वगळलं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं 309 कलमच नाही. पोलीस जबाब घ्यायला येतील, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

आणि कृषी सेवा केंद्रवाल्याला भेटायचं तर द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधीच भेटा, नंतर त्याला मान वर करायला फुरसत नसते.