पांढरा कुडा की काळा?

प्रश्न : ताई, आमच्या परसात पांढऱ्या फुलांचं झाड आहे. आजी त्याला कुडा म्हणते आणि पोट बिघडलं की त्याची साल उगाळून देते. शेजारचे काका म्हणतात, हा काळा कुडा, औषधाचा नव्हे. ओळखायचं कसं? साल काढावी का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : फुलं आहेत तोवर एक तोडून नीट बघा. पांढऱ्या कुड्याच्या फुलाची नळी बारीक, पाच पाकळ्या आणि मधला भाग अगदी साधा. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध पांढऱ्या तंतूंची झालर असते, तिच्यातून पुंकेसरांचा सुळका वर आलेला दिसतो. पावसाळ्यात शेंगा बघा. दोन्हींच्या शेंगा जोडीनेच लोंबतात. पण पांढऱ्याच्या सुरुवातीपासून सुट्या, तर काळ्याच्या टोकाशी चिकटलेल्या, वाळल्यावरच सुटणाऱ्या. बी चावून बघितलं तर पांढऱ्याचं कडूजहर, म्हणूनच त्या बियांना कडू इंद्रजव म्हणतात.

काकांचं एक मात्र पटत नाही. काळ्या कुड्याचा पाला दक्षिणेत त्वचारोगांवरच्या तेलात घालतात आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी परंपरेने त्याच्याच लाकडाची. आवेवर मात्र पांढराच हवा. कुटजारिष्ट हे आयुर्वेदिक औषध त्याच्याच सालीचं. बाजारात या सालीत काळ्याची साल मिसळलेली असते, तेव्हा आजींना पारख हवी असते ती उगीच नाही.

आता साल. कळकळीने सांगते, खोडाची साल काढू नका. खोडाभोवती गोल साल सोलली की झाड उभ्या उभ्या वाळतं, आणि आपल्याकडे रानातले कितीतरी कुडे असेच गेले. लागलीच तर छाटलेल्या फांदीची घ्या, तीही वैद्यांना विचारून. मात्र शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल, बाळ लहान असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर उगाळत बसू नका. मीठ-साखरेचं पाणी पाजत थेट दवाखाना गाठा.

फुलांची भाजी मात्र जरूर करा. फुलं निवडून धुवा, उकडून घट्ट पिळा म्हणजे कडवटपणा उतरतो. तेलावर कांदा, हिरवी मिरची परता, त्यात फुलं घाला, वरून ओलं खोबरं. आमच्याकडे बरोबर तांदळाची भाकरीच लागते. सगळे घोस मात्र ओरबाडू नका, शेंगा धरायला थोडे झाडावर राहू द्या.